हा कर पुन्हा जमिनीत मुरू द्या

प्रति,
माननीय वित्तमंत्री,
तसेच नियोजन, रोजगार हमी आणि मृद व जलसंधारण विभागांचे सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



महाराष्ट्रात बऱ्यापैकी पगार असलेल्या नोकरदाराचे दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय करापोटी कापले जातात. वर्षाचे २,५०० रुपये. पगारपत्रकावरची ही ओळ इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कुठून, हा प्रश्नच कोणाला पडत नाही. तरुण नोकरदारांना तर हा कर कशासाठी सुरू झाला याची कल्पनाही नसते. या राज्याने निसर्गाची झीज भरून काढणारी अर्थव्यवस्था एकदा मांडली होती आणि तिचा पाया हा कर होता. ती घडी आपण विस्कटू दिली. ती पुन्हा बसवता येईल, अशी माझी खात्री आहे, म्हणून हे पत्र.

बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामे हे शब्द त्यांच्या बोलण्यात अजून येतात. मे १९७३ मध्ये राज्यातली जवळपास ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. त्या होरपळीतून महाराष्ट्राने जो निर्णय घेतला तो मला आजही थोर वाटतो. कोरडवाहू गावातल्या माणसाला काम मागण्याचा हक्क द्यायचा आणि त्याचा खर्च ज्यांना दुष्काळाची झळ लागत नाही त्यांनी उचलायचा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला या कल्पनेचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. व्यवसाय कराच्या जोडीला वाहनांवर, विक्रीवर, शहरातल्या बिगरनिवासी मिळकतींवर आणि ओलिताखालच्या जमिनींवर जादा आकारणी बसवली गेली. यातून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले.

यातल्या शेवटच्या आकारणीकडे आपले लक्ष वेधतो. धरणाचे पाणी ज्याच्या रानात पोहोचले त्याने, ज्याच्या रानात ते पोहोचले नाही त्याच्या बांधबंदिस्तीसाठी पैसे द्यायचे. आज असा प्रस्ताव सभागृहात मांडायला कोणता पक्ष धजावेल? त्या वेळी तो सगळ्यांनी मिळून मान्य केला होता.

त्या पैशातून पाझर तलाव झाले, नाला बांध झाले, शेतांची बांधबंदिस्ती झाली, उघड्या डोंगरउतारांवर झाडे लागली. सगळे काही नेक झाले असे मी म्हणणार नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, पहिल्या पावसात वाहून जाणारे रस्ते झाले, आणि खणलेला चर गाळाने भरला की तो पुन्हा उघडायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. तरीही पैशाची दिशा बरोबर होती. मुंबई-पुण्यातल्या पगाराचा एक छोटा हिस्सा बालाघाटच्या, माणदेशाच्या उघड्या पडलेल्या मातीकडे जात होता आणि तिथल्या माणसाच्या हाताला काम देऊन तीच माती धरून ठेवत होता. मजुरी आणि माती यांची अशी सांगड घालणारे धोरण तेव्हा देशात दुसरीकडे कुठे नव्हते. पुढे २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तो बराचसा आपल्याकडे पाहून. त्यानंतर मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला. व्यवसाय कर मात्र राहिला, आणि त्याचा मातीशी असलेला धागा करदात्याला दिसेनासा झाला.

रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) इतिहासातली एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. १९९० मध्ये फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली. पडीक माळावर खड्डे खणायचे, कलमे लावायची, त्यांना पाणी घालायचे, याची मजुरी शासन देऊ लागले. कोकणातला आंबा-काजू, सोलापूर-सांगलीकडचे डाळिंब, जालन्याची मोसंबी, माळावरची सीताफळे यांच्या विस्तारात या योजनेचा मोठा हात आहे. तिचे अनुदान एकरकमी मिळत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतही पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के अशी वाटणी आहे. दुसरा हप्ता हवा असेल तर ८० टक्के झाडे जिवंत दिसली पाहिजेत, तिसऱ्यासाठी ९० टक्के. म्हणजे शासन खड्ड्याचे पैसे देऊन मोकळे होत नाही, झाड जगवल्याचे पैसे देते. शेतकरीही मग उन्हाळ्यात घागरीने का होईना, रोपांना पाणी घालतो.

हेच तत्त्व आपण पाण्याला कधी लावले नाही. जलयुक्त शिवार अभियानावर पाच वर्षांत ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. मोजले काय गेले? किती किलोमीटर नाला रुंद-खोल केला, किती घनमीटर गाळ काढला, किती गावे पूर्ण झाली. महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये तपासणीचा अहवाल दिला तेव्हा भूजलाची पातळी अपेक्षेप्रमाणे वाढली नसल्याचे त्यांना दिसले. यात आश्चर्य काही नाही. जे मोजले त्याचेच पैसे दिले गेले, आणि पाण्याची पातळी त्या मोजणीत नव्हती. मुरलेले पाणी पुढच्याच हिवाळ्यात नवी बोअर घेऊन कोणी उपसून टाकले, तर योजनेच्या कागदावर त्याची नोंद होण्याची सोय नव्हती.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला ती सोय गावाने स्वतः केली. तिथले पाणलोटाचे बरेचसे काम रोहयोच्याच पैशातून झाले, म्हणजे काही अंशी शहरातल्या पगारदारांच्या पैशातून. पण चर आणि बांध आपल्याकडे शेकडो गावांत झाले. हिवरे बाजारचे वेगळेपण ग्रामसभेने केलेल्या नियमांत आहे. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. डोंगरावर चराई नाही, कुऱ्हाड नाही. पावसाळा संपला की गावाने पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते सगळ्यांनी बसून ठरवायचे. आधी प्यायचे पाणी, मग जनावरांचे, मग रब्बीचे. चराई थांबली तसे गवत वाढले, गवत कापून आणता येऊ लागले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला दिवसाला १५० लिटरच्या घरात असलेले गावाचे दूध काही हजार लिटरवर गेले. १९९५ मध्ये १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली असलेल्या गावात हे घडले, जिथे पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पडतो. सरपंच पोपटराव पवारांचे नेतृत्व होतेच. तरीही हे केवळ एका माणसाच्या कर्तृत्वावर सोडून देणे शासनाला परवडणारे नाही. प्रत्येक गावाला पोपटराव मिळणार नाहीत. नियम पाळणाऱ्या गावाला दरवर्षी काही मिळेल, अशी व्यवस्था मात्र प्रत्येक गावाला मिळू शकते.

त्याआधी, बहात्तरच्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणशी ठेवला. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस वर्ज्य. या दोन्ही ठिकाणचे लोक अर्थशास्त्राची परिभाषा वापरत नव्हते. पण त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती की पाणी खालून एकच आहे. एकाने वाचवलेले पाणी शेजारी उपसणार असेल तर कोणीच वाचवणार नाही.

आता राज्याचा पैसा आज कोणत्या बाजूला वाहतो ते पाहू. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. सुमारे ४४ लाख पंप, वर्षाला १४ हजार कोटींहून अधिक खर्च. शेतकरी अडचणीत आहे, त्याला मदत हवी, हे मला मान्य आहे आणि ही मदत काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण तिची रचना अशी आहे की जो जास्त उपसतो त्याला जास्त मिळते, आणि ज्याच्याकडे विहीरच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. दुसरीकडे ऊस. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रात त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, सिंचनाच्या पाण्यातला वाटा मात्र निम्म्याहून जास्त. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, असा इशारा दिला होता. त्यानंतरही कारखाने त्याच खोऱ्यांत वाढले. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते.

यात शेतकऱ्याचा दोष नाही. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर आहे, ठरलेले गिऱ्हाईक आहे, कारखान्याची टोळी रानात येऊन तोडून नेते. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र शोधावे लागते. मंगळवेढ्याची काळी जमीन परतीच्या पावसाची ओल धरून मालदांडी ज्वारी पिकवते, बहुतेक वेळा वरून एक थेंबही न देता. त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, खात्रीचा बाजार मिळालेला नाही. आणि ज्या गावांतले पाणी संपले, तिथली कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कोयता हातात धरतात आणि दुसऱ्याच्या रानातला ऊस तोडायला निघतात. मुलांची शाळा तेवढ्यापुरती तुटते. बीडच्या कोणत्याही गावात नोव्हेंबरात गेलात तर घरांना लागलेली कुलुपे दिसतील.

राज्याच्या सकल उत्पन्नात हे सगळे कसे दिसते याचाही विचार व्हावा. विहीर आटली की तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली बोअरची गाडी गावात येते. तिचे भाडे, डिझेल, केसिंगचे पाइप, नवा पाणबुडी पंप, कर्जाचे व्याज, आणि बोअरही कोरडी गेली की टँकरचे बिल, हे सगळे उत्पन्नात मिळवले जाते. जमिनीखालचे पाणी मात्र कुठेच वजा होत नाही. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली काळा बेसॉल्ट आहे. तो गंगेच्या गाळासारखा पाणी साठवून ठेवत नाही. वरचा झिजलेला थर आणि भेगा यांत मावेल तेवढेच पाणी, आणि ते दरवर्षी नव्याने भरावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी गेले, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्या वर्षीच्या हिशेबात त्या गाडीचा खर्चही कोणाचे तरी उत्पन्न म्हणूनच धरला गेला असेल.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अमलात आहे आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरीला त्यात बंदी आहे. पण शेजारच्या शेतात रात्री चालणारी बोअर थांबवायला तलाठी जात नाही, आणि गावाने थांबवावी असे म्हटले तर गावाला त्यातून मिळते काय? भांडण. म्हणून माझा आग्रह बंदीपेक्षा मोबदल्यावर आहे.

व्यवसाय कराची रक्कम पुन्हा एका वेगळ्या निधीत ठेवा आणि तिचा एक ठरीव हिस्सा दरवर्षी ग्रामसभांना द्या, पाणी जमिनीत राखल्याबद्दल. मोजमापाची यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. त्यात पावसाळ्यानंतरचे आणि मे महिन्यातले मोजमाप असते. निरीक्षण विहिरींची संख्या वाढवा, प्रत्येक पाणलोटात निदान दोन ठेवा, गावातल्या मुलामुलींना मोजायला शिकवा आणि आकडे चावडीवर लावा. त्या वर्षीचा पाऊस लक्षात घेऊन मे महिन्यातली पातळी टिकली किंवा वर आली, तर गावाला पैसे. घसरली, तर नाहीत. कमी पावसाच्या वर्षात गावाने शिस्त राखली तर जास्त पैसे, कारण तेव्हाच ती राखणे अवघड असते. रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जावी आणि तिच्यातून आधी चर-बांधांची देखभाल व भूमिहीनांची मजुरी निघावी. फळबागेच्या तिसऱ्या हप्त्यात जे तत्त्व आपण मान्य केले आहे, ते गावाच्या विहिरीला लावायचे आहे, एवढेच.

आकडे फिरवले जातील, असा आक्षेप येईल. येऊ द्या. विहिरीतले पाणी कोणालाही दोरी सोडून मोजता येते. हजेरीपटावरचे खोटे नाव पकडण्यापेक्षा ते खूप सोपे आहे.

विजेबाबतही काही न काढून घेता दिशा बदलता येते. पंजाबने २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ ही योजना आणली. शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा, आणि त्यातून वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये त्याच्या खात्यात. आपल्या १४ हजार कोटींतला काही भाग असा वळवला तर कमी उपसणारा शेतकरी पहिल्यांदाच फायद्यात येईल. आणि जी गावे पीकनियोजन पाळतील त्यांची ज्वारी, बाजरी, तूर शासनाने आश्रमशाळा, अंगणवाड्या आणि रेशनसाठी थेट विकत घ्यावी. उसाला जी हमी मिळते, तिच्या निम्मी हमी ज्वारीला मिळाली तरी पाण्याचा ताण कितीतरी हलका होईल.

शहरांबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलतो आहे, कारण त्यांचे देणे सर्वांत मोठे आहे. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवले जाते. त्याचा मोठा भाग भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून येतो. त्यांतले भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. पाणलोटातले जंगल ज्यांनी राखले त्यांच्या घरात हंडा रिकामा. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या पुढचे होते, म्हणजे देण्याची ऐपत आहे. पाणलोटातल्या लोकांना त्यांचे देणे देण्याचा हिशेब न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये मांडला होता. अब्जावधी डॉलरचा शुद्धीकरण प्रकल्प बांधण्यापेक्षा कॅट्स्किल डोंगरातल्या गावांना आणि शेतकऱ्यांना पैसे देऊन पाणलोट स्वच्छ राखणे त्यांना कितीतरी स्वस्त पडले. मुंबईच्या पाणीपट्टीतला एक लहानसा वाटा शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या ग्रामसभांना गेला, त्यांच्या पाड्यांवर आधी नळ पोहोचला, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना जंगल राखण्याचा मोबदला मिळाला, तर ती मेहेरबानी नव्हे, थकलेले बिल असेल. जंगल हाती आले की लोक ते तोडून खातील, ही भीती गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने खोटी ठरवली आहे. १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर त्या गावाने बांबू स्वतः विकला, आणि जंगल उभे आहे.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना केंद्रीय करांचा वाटा देताना वन आणि पर्यावरण या निकषाला दहा टक्के वजन दिले. म्हणजे जंगल राखल्याबद्दल महाराष्ट्राच्या तिजोरीत दरवर्षी पैसे येतात. ते गडचिरोलीच्या, मेळघाटच्या ग्रामसभेपर्यंत त्याच नावाने पोहोचतात का? दिल्लीने मुंबईला जो न्याय दिला, तो मुंबईने गावाला द्यायला हवा.

व्यवसाय कराची २,५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरली आणि ती आजही तीच आहे. ती वाढवण्याची मागणी राज्याने केंद्राकडे करावी. लाखाच्या घरात पगार असलेल्या माणसाला ३५ वर्षांहून जुनीच मर्यादा लागावी, हे बरोबर नाही. मी वाढीव रक्कम आनंदाने देईन, आणि ती कोणत्या पाणलोटात खर्च झाली हे कळणार असेल तर माझ्यासारखे बरेच जण देतील.

येत्या अर्थसंकल्पाला एक विवरणपत्र जोडा: व्यवसाय कर किती जमला आणि त्यातला किती माती-पाण्यावर खर्च झाला, जिल्हावार. त्यासोबत पुरंदर, मंगळवेढा, आष्टी आणि शहापूर या चार तालुक्यांत विहिरीच्या पातळीवर मोबदला देण्याची योजना सुरू करा. या ऑक्टोबरचे मोजमाप आधार धरावे, पुढच्या मेमध्ये पहिली पडताळणी व्हावी आणि जूनच्या पेरणीआधी पैसे ग्रामसभांच्या खात्यात जमा व्हावेत.

आपला नम्र,
पुण्यातील एक नागरिक